आगीत पास, मोटारीत नापास

जाम चौकातून हिंगणघाटकडे निघालं की थोड्या अंतरावर प्रफुल्ल थूलचं गॅरेज लागतं. ठोकलेल्या गाड्यांचं. पुढे गॅरेज, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार, जे दिवसभर उघडंच असतं. त्या दारातून शंभरदा ये-जा करणारी बाई म्हणजे प्रफुल्लची बायको मेघा. वय एक्केचाळीस. उजव्या हाताला कणीक लागलेली असली तर डाव्या हाताने ती गाडीच्या दरवाज्यावर दोन टिचक्या मारते आणि सांगते, "हा मूळचा नाई. कुठून तरी काढून बसवला आहे." मग परत जाऊन पोळी लाटते.

ही नजर तिला माहेराहून मिळाली. वडील प्रेमदास एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक. त्यांनी पोरीला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला घातलं तेव्हा वर्गात अठ्ठावन्न पोरं आणि दोन पोरी होत्या. दुसरी पोरगी पहिल्याच वर्षी कॉम्प्युटरला गेली. मेघा टिकली, पास झाली, आणि प्रफुल्लचं स्थळ आलं तेव्हा प्रेमदासांनी मुलाच्या माणसांना एकच प्रश्न विचारला, गॅरेजात लेथ आहे का. नव्हता. लग्न तरीही झालं.

पुढची सोळा वर्षं डिप्लोमा कपाटात आणि मेघा गॅरेजात. अपघाताची गाडी आली की काय तुटलं, काय बदलायचं, काय ठोकून सरळ होईल याची यादी तीच लिहायची. एकदा वर्ध्याचे माधवराव त्यांची गाडी बंद पडली म्हणून गॅरेजात येऊन बसले. माधवराव विमा सर्व्हेअर. कुठे आग लागली, पाणी शिरलं, की कंपनीच्या वतीने जाऊन नुकसान पाहायचं आणि भरपाई किती रास्त ते ठरवायचं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा धंदा. टेबलावरची यादी त्यांनी चष्मा वर करून वाचली.

"ही कोणी लिहिली?"

"मी लिहिली, सर."

"शिकलात किती?"

तिने सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही फाटकाच्या या बाजूला काय करताय?"

त्या एका वाक्यावर मेघाने सर्व्हेअरच्या प्रशिक्षणाला नाव नोंदवलं. वर्षभर ती माधवरावांच्या हाताखाली फिरली. माधवरावांचं काम सगळं जिनिंग आणि दुकानांचं. जळालेल्या कापसात उतरून तिने फोटो काढले, नाल्याचं पाणी शिरलेल्या किराणा दुकानात भिजलेली पोती मोजली, अहवाल लिहिले. मग परीक्षा. आगीच्या पेपरात पास. पाण्याच्या आणि मालाच्या पेपरात पास. मोटारीच्या पेपरात नापास. पासिंगला साठ, तिला सत्तावन्न. सहा महिन्यांनी परत बसली. अठ्ठावन्न.

चौकात ही बातमी चहाबरोबर खपली. गॅरेजवालीच मोटारीत नापास! समोरचा टायरवाला तानबा तर प्रफुल्लला रोज विचारायचा, "वहिनीले स्टेपनी कोणती ते मी सांगू का?"

मेघाने तिसऱ्यांदा फॉर्म भरला आणि जेवताना सांगून टाकलं, "यंदा नाई झालं तं पुस्तकं माळ्यावर. पुन्हा मी नाव काढणार नाई." माधवराव उन्हाळ्यात काम बंद करून पुण्याला मुलाकडे, शौनककडे जाणार होते. त्यांची कामं, त्यांच्या ओळखी ते मेघाच्या हाती द्यायला तयार होते, पण मोटारीसकट सर्व्हेअरचं लायसन हाती असेल तरच. ते गेल्यावर तिला बरोबर घेऊन फिरणारं दुसरं कोणी नव्हतं.

घरात अभ्यास घ्यायचं काम सासूकडे आलं. धुरपताबाई तिसरी शिकलेल्या, वय बहात्तर. इंग्रजी पुस्तक त्या मांडीवर उलटं धरून बसायच्या आणि मेघा कणीक मळता मळता उत्तरं सांगायची. चूक की बरोबर ते धुरपताबाई तिच्या आवाजावरून ओळखायच्या.

"आता अडखळली तू. पुन्हा सांग."

"आई, नुकसानीचं जवळचं कारण पाहायचं असते. लांबचं नाई."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... काल दूध उतू गेलं. काऊन गेलं? गॅस मोठा होता म्हणून."

"गॅस तं रोजच मोठा राह्यते. तू बहिणीशी फोनवर बोलून राह्यली होती म्हणून गेलं."

मेघाने हात थांबवला. "हो आई. तेच जवळचं कारण."

"मंग लिहून ठेव. फोन."

परीक्षेला दोन आठवडे राहिले तेव्हा माधवरावांचा फोन आला. ते म्हणाले, मोटारीतलं मला तुमच्याहून कमी कळतं, तरी तुमचे मार्क कुठे जातात ते बघायचंय. रविवारी येतो. एखादी ठोकलेली गाडी माझ्यासमोर तपासून दाखवा.

गाडी दारातच होती. तळेगावच्या कवडूचा संत्र्याचा पिकअप जामच्या वळणावर कलंडला होता. कंपनीचा सर्व्हेअर शुक्रवारीच पाहून, फोटो काढून गेला होता, त्यामुळे कवडूचं काही बिघडणार नव्हतं. तो मोठ्या मनाने म्हणाला, "करा वहिनी, करा अभ्यास. संत्र्याचा तं चिखल झाला, गाडीवर कोणी पास तरी होऊ द्या."

रविवारी सकाळी मेघा पोह्यांसाठी कांदे आणायला चौकात गेली. परत आली तर पिकअप लखलखत होता. धुरपताबाईंनी नळी लावून, साबणाचा फेस करून, पदर खोचून सगळी गाडी धुतली होती. संत्र्याची साल, चिखल, मुंग्या, सगळं नालीत. त्या स्वतः घोट्यापर्यंत भिजल्या होत्या आणि खूष होत्या.

"साहेब येऊन राह्यले. तुही परीक्षा. घाणेरडी गाडी दाखवते काय?"

मेघाला बरंच वाटलं. जामच्या गॅरेजांत ही रीतच आहे. सर्व्हेअर यायचा असला की गाडी धुवायची, खुर्चीवर धुतलेला टॉवेल टाकायचा, साहेबांचे हात काळे होऊ नयेत म्हणून तुटलेले भाग काढून ओळीने मांडून ठेवायचे, आणि तर्री पोहे. सोळा वर्षं मेघाने हेच केलं होतं.

"बरं केलं आई," ती म्हणाली, आणि पोह्यांकडे वळली.

माधवराव आले. प्रफुल्लने "जय भीम साहेब" म्हणून खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. पिकअपभोवती एक चक्कर मारली, दाराच्या खोलगट पोच्यावर बोट फिरवलं, बोट पाहिलं. स्वच्छ.

"गाडी कोणी धुतली?"

"म्या धुतली," धुरपताबाई म्हणाल्या. "कानाकोपरा काढला."

"उत्तम धुतलीय हो. मेघाताई, तुम्ही पाहिलंत तेव्हा काय म्हणालात?"

"बरं केलं म्हणाले, सर."

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला. "गेल्या वर्षी आठवतं? जिनिंगमध्ये आपण पोचलो तेव्हा हमाल राख झाडत होते."

"हो सर. मीच ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, एक चिमूटही हलवायची नाही. राखेवरूनच कळते आग कुठून सुरू झाली."

"मग चिखलावरून काय कळतं?"

मेघा पिकअपकडे वळली. पोच्यातला चिखल ताजा की वाळलेला. दुसऱ्या गाडीचा रंग खरवडून लागलाय का. पत्रा आज उघडा पडला की पावसाळ्यापासून गंजतोय. हे सगळं तिला पाठ होतं. पाठ नव्हे, तिने ते हजारदा पाहिलं होतं, आणि पाहून झाल्यावर नळी लावून धुवायला सांगितलं होतं.

"तिथं मी ओरडले," ती हळूच म्हणाली, "आणि इथं... इथं मी घरची आहे, सर."

"तेच. तुम्ही मोटारीचा पेपर यजमानीणबाई होऊन सोडवता. गॅरेजची सोय कशात आहे ते तुम्हाला चटकन सुचतं आणि तुम्ही तेच उत्तर देता. प्रश्न पाहुण्याला विचारलेला असतो."

धुरपताबाईंना सगळं कळलं नाही, पण सुनेचा चेहरा कळला. त्यांनी ओला पदर पिळला. "माह्या धुण्यानं नापास होते काय ते?"

"नाही हो आई," माधवराव म्हणाले, "तुम्ही धुतली म्हणून तर चूक सापडली."

पोहे खाताना त्यांनी उपाय सांगितला आणि तो ऐकून प्रफुल्ल ठसकला. परीक्षेपर्यंत रोज एक तास मेघाने घरच्या दारातून गॅरेजात यायचं नाही. मागून वळसा घालून रस्त्यावर जायचं आणि फाटकातून यायचं. एकेरीत हाक मारायची नाही, मारून घ्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे चहा करायला उठायचं नाही.

पहिला दिवस फजितीचा गेला. मेघा हातात फाईल घेऊन फाटकातून आली. तानबा रस्त्यापलीकडून ओरडला, "वहिनी, घर मागून आहे!" प्रफुल्ल हसू दाबत म्हणाला, "या मॅडम, बसा." ती बसली. दोन मिनिटांनी आतून कुकरची शिट्टी झाली, तशी उठली.

"मॅडम, बसा," धुरपताबाई आतून ओरडल्या. "कुकर तुमचा नाई."

तिसऱ्या दिवसापासून प्रफुल्लला या खेळात रस आला. आणि मग त्याच्यातला गॅरेजवाला जागा झाला. एका गाडीचा पुढचा बंपर अपघातात फुटला होता. त्याने यादीत मागचा दिवाही लिहिला.

"हा दिवा कशाने फुटला?" मेघाने विचारलं.

"त्याच अपघातात, मॅडम."

"धडक समोरून, दिवा मागचा?"

"झटका बसला असंन."

"फुटलेल्या काचेच्या आत कोळ्याचं जाळं आहे, प्रफुल्लभाऊ. कोळी तुमच्या अपघाताच्या आधी राहायला आला होता." तिने दिव्यावर काट मारली.

धुरपताबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. प्रफुल्ल हसला, पण रात्री ताटावर बसल्यावर म्हणाला, "भाऊ काऊन म्हटलं मले? अन् काट मारतानी तुह्या तोंडावर मोठा आनंद होता."

"होता," मेघा म्हणाली. "सोळा वर्षं ते दिवे मीच लिहून राह्यली होती ना यादीत. साहेब काही ना काही कापतेच, म्हणून दोन वस्तू जास्त. आता वाटलं, ते कापणारा किती सरळ काम करत होता."

प्रफुल्लने भाजी जास्त वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी यादीत मागचं काही नव्हतं.

धुरपताबाईंनी तर आठवडाभर घरात हाहाकार मांडला. काहीही पुसायच्या आधी त्या विचारायच्या, "मेघा, हे पुसू का, का पुरावा जाते?" सांडलेल्या वरणापाशी पाहुण्यांना थांबवून ठेवलं एकदा.

परीक्षा नागपूरला, कॉम्प्युटरवर. सकाळच्या बसने मेघा एकटीच गेली. प्रफुल्ल सोडायला येतो म्हणाला, तिने नको म्हटलं. बसमध्ये पुस्तक उघडलं नाही. खिडकीतून पुढे जाणाऱ्या ट्रकांचे पोचे बघत गेली, कोणता जुना, कोणता नवा.

पेपरात गाडी धुण्यावर एकही प्रश्न नव्हता. जुन्या रबरी भागांची किंमत किती घटवायची, चालकाचं लायसन संपलेलं असेल तर काय, चोरीला गेलेली गाडी सापडली तर काय, असलेच सगळे. पण सतराव्या प्रश्नाशी तिचं बोट माउसवर थांबलं. दुरुस्ती करणारा म्हणतो, भाग बदलायलाच हवा. तुमच्या मते तो दुरुस्त होण्यासारखा आहे. तुम्ही काय कराल? चारातला दुसरा पर्याय होता, दुरुस्ती करणाऱ्याच्या अनुभवाचा मान राखून बदल मंजूर करणे. मागच्या दोन्ही वेळी तिने असल्या प्रश्नांना असलंच उत्तर दिलं होतं, आणि देताना तिला ते सभ्यपणाचं वाटलं होतं. प्रफुल्लचे काळे हात तिच्या डोळ्यांपुढे आले. तो चूक नसतो बऱ्याचदा. पण विचारलंय तिचं मत. तिने चौथ्या पर्यायावर टिचकी मारली: स्वतः तपासून, कारणासह नोंद करणे. मग पुढचा प्रश्न. मग त्याच्या पुढचा.

निकाल आला त्या दुपारी ती गॅरेजात प्रफुल्लला डबा द्यायला आली होती. फोनवर आकडा दिसला. एक्काहत्तर. तिने तो प्रफुल्लला दाखवला, मग घरात जाऊन धुरपताबाईंना सांगितला. धुरपताबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि चपला घालून सरळ तानबाच्या दुकानात गेल्या. त्या तिथे काय बोलल्या ते कळलं नाही, पण तानबा संध्याकाळी पेढे घेऊन आला आणि त्या दिवसापासून त्याने स्टेपनीचं नाव काढलं नाही.

माधवराव फोनवर इतकंच म्हणाले, "आता लायसनचा अर्ज नीट भरा. नवऱ्याचं गॅरेज आहे हे स्वच्छ लिहा. लपवू नका."

जेवणं झाल्यावर अर्ज भरायला दोघं बसले. मेघाने आपल्या हस्ताक्षरात लिहिलं: पतीचा व्यवसाय, अपघातग्रस्त वाहनांची दुरुस्ती, मुक्काम जाम. प्रफुल्लने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे आपल्या गॅरेजातल्या गाड्या तू कधीच पाहणार नाईस?"

"नाई. नियमात बसत नाई."

"इतका आठवडाभर मॅडम-मॅडम केलं, अन् फायदा समुद्रपूरवाल्यांले?"

"अन् गिरडवाल्यांले. हिंगणघाटवाल्यांले."

"अन् मंग आमच्याकडं कोण येईन?"

मेघाने पेनाचं टोपण लावलं. "येईन कोणी दुसरा. त्याच्यापुढं नीट राह्यजो."

प्रफुल्लने अर्जाची घडी न करता तो जपून फाईलमध्ये ठेवला, आणि उद्या पोस्टात आपणच जाऊ म्हणाला.