सांडव्यातली पोती

माझ्या मेहुण्यानं फार्महाऊसमागच्या ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलं होतं, पाहुण्यांना होडीत फिरवायला. ते सदा काठोकाठ दिसावं म्हणून जादा पाणी निघून जायचा सांडवा त्यानं वाळूच्या पोत्यांनी बुजवून टाकला. श्रावणात आम्ही गेलो, तेव्हा बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी झिरपत होतं. खाली ओढ्याकाठी राहणारी पारूबाई वर आली.

"साहेब, तेवढी पोती काढा. आमचे हे अंथरुणातनं उठत न्हाईत."

"मावशी, पाहुणे जाऊ देत, मग काढतो," मेहुणा म्हणाला आणि होडीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला. पारूबाई रानात होती. घर गेलं.

पाण्याच्या मनात काही नसतं. ते उताराला लागतं. उताराला कुणी राहायचं, हे मात्र माणसांनी कधीचंच ठरवून टाकलेलं असतं.

संध्याकाळी नवरा चिखलात सापडला. मेहुणा छत्री घेऊन खाली उतरला.

"देवाची कृपा, मावशी. तुम्ही तरी वाचलात."

नवऱ्याच्या तोंडातला चिखल ती बोटानं काढत राहिली.