सव्वीस भाकरी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून चार-पाच वर्षं झाली असतील. मी वरवट बकालच्या शाळेत मास्तर होतो आणि भगवंतरावांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहत होतो. पोरांना मी उलटी गणितं घालायचो: एका संख्येला दोननं गुणलं तर बारा येतात, ती संख्या कोणती? पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. ठोंबे, दुसरं काय म्हणू! आणि भगवंतरावांची बायको मंजुळाबाई, जिला अक्षर म्हणून येत नव्हतं, ती चुलीपुढून उत्तर द्यायची. तिच्या घरात माणशी दोन भाकरी. शेतातून टोपलं परत आलं की उरलेल्या भाकरींवरून किती जण उपाशी राहिले हे ती घरबसल्या सांगायची. "गुनलं तं भागायचं, मास्तर. त्यात काय शिकवता?" असं वर मलाच ऐकवायची.

त्या साली गावात प्लेगचे उंदीर पडले. सगळं गाव घरं सोडून शेतातल्या झोपड्यांत गेलं. मंजुळाबाईचा दीर शेषराव, त्याच्या मोठ्या पोराला गाठ आली, म्हणून ते अख्खं कुटुंब कोसभर लांब, नाल्यापलीकडे ठेवलं. शेषराव, त्याची बायको, तीन पोरं आणि मंजुळाबाईची आठ वर्षांची आशा. काकूकडे खेळायला म्हणून गेलेली, ती त्यांच्यातच अडकली. सहा जणं. तिकडे कोणी फिरकायचं नाही, असं खामगावहून आलेल्या डॉक्टरानं बजावलं होतं. कोतवाल सकाळी भाकरीचं टोपलं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लांब ठेवी आणि संध्याकाळी तिथूनच उचलून आणी.

मंजुळाबाईचा सगळा जीव त्या टोपल्यात. रोज बारा भाकरी मोजून घालायची आणि आलेलं टोपलं उलटं करून झटकायची. रोज रिकामं. एके संध्याकाळी तिनं मला विचारलं, बारा गेल्या, एकही वापस नाही, म्हणजे सहाही जेवले ना? मी छाती काढून सांगितलं, बारा भागिले दोन, सहा. तुमची आशा खाऊन-पिऊन आहे, उगा जीवाला घोर लावून घेऊ नका, आता जेवा. देवा, काय तो माझा शहाणपणा!

सतरा दिवस असे गेले. अठराव्या दिवशी, रविवारी, डॉक्टरानं त्यांना मोकळं केलं. नाल्याकडून माणसं येताना दिसली तशी मंजुळाबाई पुढं धावली. मी जागेवरून मोजलं. पाच.

गाठ आलेला पोरगा वाचला होता आणि आशा गेली होती. शेषरावानं एकट्यानं तिला नाल्याकाठी पुरली होती. त्यानं एक गाठोडं वहिनीच्या पायाशी सोडलं. आत वाळून खडंग झालेल्या भाकरी. दोन भाकरी परत आल्या असत्या तर वहिनीला तिथल्या तिथं कळलं असतं, आणि मग तिला कोण अडवणार होतं? म्हणून आशाच्या वाट्याच्या त्यानं रोज काढून ठेवल्या. अन्न फेकायला हात धजेना. "तुम्ही धावत आल्या असत्या, वहिनी, अन् तुम्हीही गेल्या असत्या," एवढंच तो म्हणाला. माझ्या भागाकारात चूक नव्हती. मला मिळालेली संख्याच खोटी होती. पण हे तिला सांगायचं कोणत्या तोंडानं?

मंजुळाबाई रडली नाही. कोणत्या दिवशी गेली, एवढंच तिनं विचारलं. ते कोणालाच सांगता येईना. रात्रंदिवस आजाऱ्याची उसाभर, दिवस-वार कोणाच्या ध्यानात राहतो? तेव्हा ती तिथंच मातीत बसली आणि भाकरी दोन-दोन करून मांडू लागली. सव्वीस भरल्या. तेरा जोड्या, तेरा दिवस. मग कालच्या शनिवारापासून ती बोटांवर एकेक दिवस मागं येऊ लागली. मला उत्तर तिच्या आधी आलं होतं.

"सोमवार," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "त्या दिवशी मी पोटभर जेवली, मास्तर. चार दिवसांची उपाशी होती. तुम्हीच म्हनलं, आता जेवा."