साहेबांना दाखवायचा वर्ग

मला कुणी मूर्ख म्हटलेलं आजही खपत नाही. पण चंदीगडच्या त्या हिवाळ्यात मी मूर्खपणा केला होता, आणि तो मीच सांगितलेला बरा.

आमच्या ह्यांची नोकरी केंद्र सरकारची. सत्तरच्या दशकात बदली झाली नि आम्ही सांगलीहून थेट चंदीगडला जाऊन पडलो. लग्नाआधी मी बहिऱ्या मुलांना शिकवायचा कोर्स केला होता. तिथल्या एका सरकारी शाळेत अशा मुलांचा वर्ग नुकताच मंजूर झाला होता आणि शिकवायला कुणी मिळत नव्हतं. मी गेले नि चिकटले. टोकाची एक खोली, एक मोठा आरसा, नऊ मुलं. थंडीत खोली अशी गारठायची की आम्ही सतरंजी उचलून मैदानातल्या उन्हात जाऊन बसायचो.

हा वर्ग दरवर्षी नव्यानं मंजूर व्हावा लागे. शिक्षण खात्याचे साहेब येणार, बघणार, ‘गरज आहे’ असं लिहिणार, मग पुढच्या वर्षाचा निधी. त्या वर्षी कानावर आलं की खात्याने हात आखडता घेतलाय. गरज दिसली नाही तर वर्ग बंद. बंद म्हणजे काय, तर माझी नऊ मुलं साठ-साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर. तिथल्या बाई फळ्याकडे तोंड करून शिकवणार आणि ही त्यांच्या पाठीकडे बघत बसणार. ओठ दिसले तरच यांना काही कळायचं, हो!

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मैडम जी, साहब को ऐसा दिखाओ कि बस!” झालं. मी पदर खोचला. पाहुणे येणार म्हटलं की चांगलं तेवढं पुढे मांडायचं, हेच वळण अंगात मुरलेलं.

वर्गात सात वर्षांची एक मुलगी होती. तिची आई आमच्याच सेक्टरमध्ये झाडाखाली टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करायची. पोर भारी चलाख. तिला चार वाक्यं बोलायला शिकवायची, असं मी ठरवलं. माझ्या गळ्यावर तिचा हात, तिच्या गळ्यावर माझा. ‘प’साठी तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची, पट्टी हलली तर जमलं. दोन महिने रोज तेच. मी वैतागायची, ती कधीच नाही. हे मला चिडवायचे, “अगं, साहेब तपासणीला येतायत की मुलगी बघायला?” मी म्हणायची, “तुम्ही गप बसा.” माणूस बरोबर बोलत होता, पण तेव्हा कबूल कोण करतंय!

साहेब आले. गळ्याला मफलर, बोलणं मऊ. मुलीला तिच्या आईनं कडक इस्त्रीचा फ्रॉक घालून आणलं होतं आणि ती स्वतः दाराशी उभी राहिली होती. मुलीनं हात जोडले. “नमस्ते जी,” म्हणाली. मग आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि शेवटी, “मैं पहली में पढ़ती हूँ.” शब्द जरा जाड, पण एकही चुकला नाही. दाराशी आईनं ओढणी तोंडाला लावली. डोळे घळाघळा वाहत होते. माझी तर छाती अशी फुगली होती, काय सांगू!

साहेब खूश. “वाह! यह तो बोलती है. फिर इसे अलग क्यों बिठाना? सबके साथ पढ़े.” बाकीच्यांच्या स्वच्छ वह्या चाळल्या आणि हसून म्हणाले, “आपने तो इस क्लास की ज़रूरत ही ख़त्म कर दी.” मनापासून कौतुक करत होते हो! आणि कौतुक करता करताच त्यांनी पेन काढलं.

आता हे ‘गरज नाही’ लिहिणार! मी घाईनं म्हटलं, “साहब, एक मिनट. ज़रा इसके पीछे खड़े होकर इसे बुलाइए.”

ते मागे गेले. “बेटी,” त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग चांगलं ओरडून. मग टाळी वाजवली. मुलगी माझ्याकडे बघत हसत उभी होती. पुढचा प्रश्न मी विचारेन म्हणून वाट बघत होती बिचारी. मला तिच्या डोळ्यांत बघवेना. दोन महिने जे झाकायला शिकवलं, तेच मी चारचौघांत उघडं केलं होतं.

साहेबांनी जागेवरच ‘गरज आहे’ लिहिलं, सही केली आणि जाताना त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. वर्ग वाचला.

मला मात्र दाराकडे बघायची हिंमत होईना. लेक बोलली म्हणजे तिला ऐकू यायला लागलं, असं त्या माउलीला वाटलं असणार. आणि मी तिच्या देखतच ते खोटं पाडलं. माफी मागावी म्हणून मी गेले, तर तीच बोलायला लागली.

“मैं तो रोज़ पीछे से ही बुलाती हूँ, जी. प्रेस करते-करते. सामने हो तो सब समझ लेती है, इसलिए लगता था थोड़ा तो सुनती है, बस ज़िद करती है.” मग खाली बघून म्हणाली, “मारा भी है.”

वर्षभर ही मुलगी माझ्याकडे होती. साहेबांना काय दाखवायचं याचा मी दोन महिने विचार केला, पण हिच्या आईला जवळ बसवून हे एवढंसं सांगायचं मला एकदाही सुचलं नाही. लाज वाटली मला, अगदी खरी लाज.

ती आत आली. मुलगी पाठमोरी उभी राहून आपलं दप्तर भरत होती. आईच्या तोंडून हाक निघणारच होती, ती तिनं आवरली. वळसा घालून लेकीच्या पुढ्यात गेली, उकिडवी बसली, आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, “घर चलें?”

मुलीनं लगेच तिचं बोट धरलं.