‘आमच्यात कुणाला न्हाई’

सांगलीच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मी समुपदेशक आहे. पेशंटच्या घराण्यात आधी कुणाला काय झालं होतं, हे विचारायचं माझं काम. सरळ उत्तर कुणीच देत नाही, म्हणून किस्से साठत जातात. एकट्या अश्विनीच्या घरचेच घ्या.

*

अश्विनी विट्याजवळची, अठरा वर्षांची. पोलीस भरतीसाठी रोज पळायची. गुडघा सुजला, तर घरच्यांनी चार महिने तेल चोळलं. शेवटी एक्सरे काढला, तेव्हा हाडाचा कॅन्सर निघाला. आई मला म्हणते, "आवं मॅडम, पण तेल चांगलं व्हतं."

*

तिच्या वडिलांना विचारलं, "घरात आधी कुणाला कॅन्सर?"

"आमच्यात कुणाला न्हाई."

"तुमची बहीण कशानं गेली?"

"छातीत गाठ व्हती. एकतीस वर्साची व्हती."

"आणि धाकटा भाऊ?"

"त्याच्या डोक्यात गाठ. पण कॅन्सर कुणाला न्हाई."

मी पेन खाली ठेवलं.

*

आजीचं ठाम मत, "ह्ये सुनंच्या म्हायेरचं." रक्ताचा रिपोर्ट आला. वेगवेगळे कॅन्सर घडवणारा जनुकातला दोष वडिलांकडून आलेला. आजीला तासभर समजावलं. सगळं ऐकून म्हणाली, "रक्त तपासणारी बाई हिच्या गावची हाय का बगा."

*

थोरले चुलते सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना म्हटलं, "तुम्ही रक्त द्या. तुमच्यात हा दोष नसला, तर तुमच्या मुलींची काळजीच मिटली."

"आन् असला तर? थोरलीला स्थळं यायला लागल्यात."

"तर दरवर्षी तपासत राहू. काही निघालंच तर लवकर सापडेल."

"मी फौजेत कशाला भ्यालो न्हाई," म्हणाले, आणि नर्सच्या हातातली सुई बघून बाहेर गेले.

*

अश्विनीचं खराब हाड काढून धातूचा सांधा बसवला. पाय वाचला. केमो संपली. आता थोडी लंगडत चालते. मला म्हणाली, "मॅडम, भरती तर गेली. आता पळू कशासाठी?"

*

परवा सुभेदार आले, तोंड फुगवून. बाही वर केली. "घ्या रक्त."

"काय झालं?"

"थोरलीला बघायला पावणे आलते. ही अश्विनी चहा घिऊन आली आन् सगळं सांगून बसली. आत्याचं, चुलत्याचं, सवताच्या पायाचं. वर म्हणती, ‘ताईच्या वडलांनी रक्त दिलं न्हाई अजून. ठरवायच्या आदी तुमाला म्हाईत पायजे.’"

"मग पाहुणे उठून गेले?"

"पोराचा बाप उठला. आई बसूनच ऱ्हायली. मग जाताना तिनं अश्विनीला बाजूला घेतलं, आन् तिच्या म्हायेरच्यांसाठी तुमचा नंबर लिहून घेतला."