सेनेटर निवडायचे कुणी

बायको जाऊन पाच महिने झाले होते. मुलीला भारतात कुणाकडे ठेवायचं, यावर सांगलीच्या सासूबाई आणि ठाण्याचा माझा मोठा भाऊ यांचं एकमत होत नव्हतं. मी दुबईत जबल अलीच्या कामावरून सातला घरी येतो, मुलगी शाळेतून चारला. "तुम्ही मोठी माणसं ठरवाल ते मला मान्य," असं मी दोघांनाही सांगून टाकलं होतं. त्या दिवसांत मला काही ठरवणं झेपत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी मी तिचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची.

"सुरुवातीला सेनेटर कोण निवडायचं?"

"स्टेट लेजिस्लेचर्स. पीपल नाही."

मी समजावलं, की लोक आपल्या राज्याचं विधिमंडळ निवडायचे आणि सेनेटवर कुणाला पाठवायचं ते विधिमंडळ ठरवायचं. सेनेटमध्ये राज्यांचा आवाज असावा, लोकांच्या क्षणिक लाटेपासून ती जरा लांब राहावी, असा त्यामागचा विचार होता. न्यू यॉर्कच्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांचं तर निवडायचं कसं यावरच जमेना. पहिली सेनेट भरली तेव्हा त्यांच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

"आजी आणि काकांसारखं," ती म्हणाली.

तिला हे ठाऊक आहे, याची मला कल्पनाच नव्हती.

"नकोच जमायला त्यांचं," ती पुस्तकाकडे बघत म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही, बाबा. तूसुद्धा नाही."

दुपारी सासूबाई आणि भावाबरोबरचा ठरलेला व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिला शेजारी बसवलं आणि म्हणालो, "आधी हिचं ऐका."

"मला इथेच राहायचंय. बाबाबरोबर."

"अगं, पण चार ते सात कोण आहे तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"समोरच्या चाची. त्या रत्नागिरीच्या आहेत, मराठी बोलतात. आत्ताही मी त्यांच्याकडेच असते."

"मग आम्ही काय, नुसते शिक्के मारायचे?" भाऊ म्हणाला.

"येस, काका."

सासूबाईंना हसू फुटलं. लेक गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसले. "जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

"मलाही ती इथेच हवी आहे," मी म्हणालो. इतकं साधं वाक्य पाच महिने मला बोलता आलं नव्हतं.

"मग हे आधी नाही का सांगायचं? त्या चाचींना द्या बघू फोन."

फोन घेऊन मी समोरची बेल वाजवली. पिठाचे हात पुसत चाचींनी तो घेतला.

"चारला येते ती भुकेने कावलेली असते," सासूबाई सांगत होत्या. "आधी खायला द्या, मग काय ते विचारा."

"ठाऊक आहे मला. काकडी तेवढी खात नाही."

"आईसारखीच आहे."

दोघी बोलत राहिल्या. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होतो. कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता येत होता.