दुसरा रिमोट

मनोहर गावंडे गेल्याचं मला एका फ्लेक्सवरून कळलं. आजारी होता, म्हणून भेटायला यवतमाळहून निघालो आणि आर्णीच्या बसस्टँडवर उतरलो, तर समोर मनोहरभाऊ, संगणकाने चढवलेल्या कोटात. खाली ‘गेमिंग क्षेत्रातील अग्रदूत’. जिवंतपणी हा माणूस अर्ध्या बाहीच्या शर्टाला टेस्टर अडकवून फिरायचा, आणि अग्रदूत म्हटलं असतं तर मागे वळून पाहिलं असतं. मला दोन दिवस उशीर झाला होता... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

मी तिथल्या कॉलेजात वाणिज्य शिकवायचो. मनोहरभाऊचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान माझ्या वाटेवर होतं. रंगीत टीव्ही घरोघरी आले तसा तो व्हिडीओ गेमची मशीनही विकू लागला. कॅसेट घालायची, टीव्हीला वायर जोडायची आणि खेळायचं. कॅसेटवर लाखभर खेळ असल्याचं छापलेलं असायचं. प्रत्यक्षात सात निघायचे. दुकानात एक टीव्ही कायम सुरू, त्याच्यासमोर दोन स्टुलं. फुलसावंगीहून एखादं कुटुंब आलं की मनोहरभाऊ पोराला बाजूला ठेवायचा, बापाला पहिल्या स्टुलावर बसवून एक नंबरचा रिमोट हातात द्यायचा, दुसरा स्वतः घ्यायचा आणि हरायचा. तेही असं, की शेवटच्या वळणापर्यंत समोरच्याला घाम फुटावा.

“पोरगं जिंकलं तर बापाले वाटते, याचा अभ्यास बुडाला,” तो मला सांगायचा. “बाप जिंकला का म्हणते, बांधून द्या.”

मी हे कौतुकाने ऐकायचो आणि वर्गात मात्र पुस्तकातलं शिकवायचो. एका दिवाळीआधी मला त्याचं भलं करायची लहर आली. परदेशी बनावटीचं एक नवं मशीन आलं होतं. डिस्कवर चालणारं, सिनेमासारखं चित्र. मी म्हणालो, “ज्याचं मशीन सगळ्यात ताकदवान, बाजार त्याचा.” त्याने मला इतकं गंभीरपणे घेतलं, की दिवाळीचा बाकीचा माल रद्द करून बारा मशीन आणली. दिवाळीत एकही गेलं नाही. लोक यायचे, तोंडात बोट घालून पाहायचे आणि “मस्त आहे” म्हणत निघून जायचे. फेब्रुवारीत त्याने बाहेरच्या पाटीवर ‘दुकान भाड्याने देणे आहे’ असं खडूने लिहिलं. मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं.

आठवड्याने तोच घरी आला. “काहून येत नाही, सर?”

“कोणत्या तोंडाने येऊ?”

“आहे त्याच तोंडानं या. चुकी सापडली मले. मशीन कोनी घेतच नाही, सर. लोक शेजाऱ्याच्या घरचा खेळ घेतात. कॅसेट एकमेकाले देत होते, तवा चाललं. या डिस्का कोनाले देतीन? गावात दुसरं मशीनच नाही.”

मग त्याने एक नियम केला. एका गल्लीत एकटं मशीन विकायचं नाही. घ्यायची तर किमान दोन घरांनी मिळून, आणि प्रत्येकाने वेगळी डिस्क. कळंबहून पेशकार नावाचे एक गृहस्थ नोटा हातात घेऊन आले होते, त्यांना त्याने परत पाठवलं. “पयले शेजाऱ्याले घेऊन या.” मला वाटलं, आता हा खरंच बुडाला. पेशकार चिडून गेले आणि पुढच्या रविवारी शेजाऱ्याला घेऊन आले. त्या शेजाऱ्याशी त्यांचा वर्षभर अबोला होता म्हणे. पावसाळ्यापर्यंत अकरा मशीन गेली. पाटीवरचा खडू पुसला गेला. मोठ्या कंपन्या यावर मंडळं नेमतात, आलेख काढतात. मीही त्यानंतर वीस वर्षं तेच आलेख फळ्यावर काढले, फक्त खाली मनोहरभाऊचं नाव लिहिलं नाही.

बारावं मशीन त्याने ठेवून घेतलं. पुढे खेळ फोनमध्ये गेले, दुकानात चार्जर आणि कव्हरं आली, पण स्टुलं हलली नाहीत. निवृत्तीनंतर मी यवतमाळला राहायला आलो, तरी महिन्यातून एकदा जायचो. गाड्यांची शर्यत खेळायचो. एक नंबरचा रिमोट माझा. मी नेहमी जिंकायचो, आणि बसमध्ये परत येताना, या वयात मेंदू किती तल्लख राहिला आहे, याचा विचार करायचो.

गेल्या आठवड्यात सीमावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, बोलावलं. “दुकान रिकामं करून राह्यलो, सर. ते मशीन तुमी न्या.”

मशीन टीव्हीला लावून पाहिलं. दुसऱ्या रिमोटवरचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “इतकं खेळायचा, पण मला एकदाही हरवू शकला नाही.”

वहिनींनी पदराने टीव्ही पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. “सर, ते गिऱ्हाइकासंग कधी जिंकले?”

“मी कुठला गिऱ्हाईक?”

“बारा मशीन घ्यायले लावले तुमी. तवाच म्हनले होते, सराच्या मनाले लागलं, आता त्याहिले कधी हरू द्यायचं नाही.”

मी स्टुलावर बसलो. एक नंबरचा रिमोट आपोआप हातात आला. पडद्यावर दुसऱ्या खेळाडूची गाडी उभी होती... वहिनींनी ते पाहिलं, दुसरं स्टूल ओढलं आणि झिजलेला रिमोट उचलला. “तसं मलेबी येते,” म्हणाल्या.

पहिल्याच फेरीत त्यांनी मला हरवलं. त्या दुकानात मी हरण्याची ती पहिलीच वेळ.