खेकड्याचा चिमटा

माझी आत्या खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवते आणि रिकाम्या वेळात व्हिडिओ गेम खेळते. पन्नाशी उलटलेल्या बाईने दुपारी जरा आडवं व्हावं, गुडघ्यांना तेल चोळावं, अशी आमच्या काकाची समजूत आहे. आत्या तोंडात धरलेले बारीक खिळे वाटीत काढून ठेवते, फोमच्या गठ्ठ्यावर मांडी ठोकून बसते, कॅसेटमध्ये फुंकर मारून ती काळ्या पेटीत बसवते आणि जुना डबा टीव्ही लावते. काका म्हणतो, म्हातारचळ लागलाय. मी म्हणते, लागू दे. काकाला कुठलाच चळ लागत नाही, म्हणून तो दिवसभर दुसऱ्यांच्या उचापती करत बसतो.

तो खेळ आजोबांनी आणला होता, बाबा, आत्या आणि काका शाळेत असताना. खोक्यावरची अक्षरं परक्या भाषेतली, ती आजवर कुणाला वाचता आली नाहीत. म्हणून घरात त्याचं नाव पडलं ‘खलाशी’. पिवळ्या टोपीचा एक बुटका खलाशी दीपगृहावर चढत जातो. या फळीवरून त्या फळीवर उड्या मारायच्या, अंगावर येणारे पक्षी चुकवायचे, वाटेतल्या चाच्यांना वल्ह्याने झोडपायचं. सगळे जीव संपले की पुन्हा अगदी तळापासून सुरुवात. हा खेळ बनवणाऱ्याचं माणसाने काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

दीपगृहाच्या मधोमध एक गच्ची लागते. जमीनभर लोखंडी सुळे, पाय पडला की खलाशी खलास. कितीही लांब उडी मारा, पलीकडची कड हाती लागत नाही. सुळ्यांच्या अलीकडे एक लाल खेकडा बसलेला असतो. काका त्या खेकड्याला शिताफीने चुकवायचा, जोरात उडी घ्यायचा आणि नेमाने सुळ्यांवर पडायचा. बाबांनी तर नादच सोडला. एका सुट्टीत आत्या मात्र सरळ खेकड्याच्या अंगावर गेली. त्याने चिमटा काढला, तिचा अर्धा जीव गेला, आणि खलाशी लुकलुकायला लागला. या खेळात मार बसला की खलाशी थोडा वेळ असा लुकलुकतो, आणि लुकलुकतोय तोवर त्याला काही म्हणजे काही होत नाही. तेवढ्यात आत्याने त्याला सुळ्यांवरून चालवत पलीकडे नेला.

“ही चीटिंग आहे,” काका म्हणाला होता.

“मार मी खाल्ला ना? मग चीटिंग कसली?” आत्या म्हणाली होती.

हा किस्सा बाबांनी मला इतक्या वेळा सांगितलाय की मीच तिथे होते असं मला वाटतं.

घराच्या तळमजल्यावरचा कारखाना आजोबांचा. जाताना त्यांनी तिन्ही मुलांना समोर बसवून एवढंच सांगितलं, तुमच्यातलं एक जण जोवर इथे नीट काम करतंय, तोवर इथे दुसरं दुकान येणार नाही. बाबा नोकरीला लागले, काका जागांच्या दलालीत शिरला, आणि हातोडी उचलली ती आत्याने. लग्न मोडून परत आली तेव्हाही ती आधी वरच्या घरात गेली नाही, कारखान्यात गेली. आता एका औषधवाल्याला ती जागा हवी होती आणि काकाला ती द्यायची होती. पण आजोबांच्या शब्दामुळे गाडं अडत होतं. बाबा म्हणत, “ती काम करतेय तोवर विषय काढू नकोस.” म्हणजे आत्याला काम जमत नाही हे दाखवलं की संपलं. काका फक्त तिच्या हातून काहीतरी बिघडायची वाट बघत होता.

आणि बिघडलं. नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम तिला मिळालं होतं. पहिल्या दोन रांगा तिने बसवून दिल्या. मॅनेजरने रंगमंचावरचे दिवे लावले आणि बघतो तर काय, एक खुर्ची तांबडी, शेजारची जांभळट, पुन्हा तांबडी, पुन्हा जांभळट. कापड एकच होतं. पण मखमलीला लव असते, ती सगळीकडे एकाच दिशेने यावी लागते, नाहीतर उजेडात रंग बदलतो. ज्या बाईने हे मला मी शाळेत असताना शिकवलं, तिनेच अर्धे तुकडे उलटे कापले होते. मॅनेजर काकाच्या ओळखीचा. त्याने फोन केला तो काकाला.

रविवारी सकाळी काका त्या मॅनेजरला घेऊनच कारखान्यात आला. बाबांना त्याने वरून बोलावून घेतलं, मीही मागोमाग उतरले. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. सख्ख्या बहिणीला खाली ओढायला माणूस साक्षीदार घेऊन येतो! आत्या फोमवर बसून खेळत होती. टीव्हीवर खलाशी त्या गच्चीच्या दाराशी पोचला होता. तिने खेळ थांबवला.

“दादा,” काकाने घसा साफ केला, “मला ताईबद्दल वाईट बोलायचं नाही, पण—”

“मी बोलते,” आत्या म्हणाली आणि उठली. “दादा, नाट्यगृहाच्या दोन रांगा मी बिघडवल्या. लव उलटी गेली. शिकाऊ पोरीने करू नये असं काम केलं मी.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकाने आठवडाभर जपून ठेवलेला दगड तिने त्याच्या हातातून घेऊन स्वतःच्याच डोक्यात घातला होता.

“डोळे गेलेत तुझे,” काका म्हणाला.

“डोळे ठणठणीत आहेत. हाव नडली. कापड वाचवायला गेले आणि तुकडे डोक्याला पाय लावून, एक सुलटा एक उलटा, असे आखले. लाज वाटते मला त्याची.” तिने कोपऱ्यातल्या खुर्चीवरची चादर ओढून काढली. “मॅनेजरसाहेब, ही तुमचीच, पहिल्या रांगेतली. परवा बाकीची मापं घ्यायला गेले, दिव्यांत चूक दिसली, तेव्हा मीच उचलून आणली. आता बघा.”

तिने कापायच्या टेबलावरचा दिवा खुर्चीवर वळवला. मॅनेजरने वरून खाली हात फिरवला, मग वाकून बाजूने बघितलं, मग खुर्चीत बसला. तांबडा रंग कुठूनही हलत नव्हता.

“दोन्ही रांगा नव्याने करून देते, कापड माझं,” आत्या म्हणाली. “बाकीच्या खुर्च्या कधी पाठवताय?”

“चोर तो चोर आणि वर शिरजोर,” काका उसळला. “दादा, बघतोयस ना? काम बिघडवलंय असं स्वतःच्या तोंडाने सांगतेय, आणि वर—”

तो आत्याच्या दिशेने पुढे सरकला. बाबा मुळात कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ते उठले आणि त्यांनी काकाच्या छातीवर तळहात ठेवला. त्यांची नजर मात्र टीव्हीवर होती, लाल खेकड्यावर.

“आत्ता नको,” बाबा म्हणाले. “लुकलुकतेय ती.”

काकाला ते कळलं. चेहऱ्यावरूनच कळलं की त्याला कळलं. या घरात ते न कळणारं कुणी नाही. मॅनेजरला तेवढं काही समजलं नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टेकून तो आरामात बसला होता.

“उद्या टेम्पो पाठवतो,” तो म्हणाला. “तिसऱ्या रांगेपासून.”

आत्याने मान हलवली, वाटीतले चार खिळे उचलून तोंडात टाकले आणि हातोडी हातात घेतली.